पिण्याचे पाणी दूषित होते तेव्हा: वॉकर्टनच्या चौकशीतून रुग्णांनी आणि कुटुंबीयांनी काय समजून घ्यावे

गावात किंवा सोसायटीत एकाच आठवड्यात दहा-बारा जणांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या की दवाखान्यात पहिला प्रश्न येतो, "डॉक्टर, हे पाण्यामुळेच ना?" बहुतेक वेळा आम्हाला शंका असते, खात्री नसते. एका रुग्णाला तपासून पाण्याचा दोष सिद्ध होत नाही. किती जण आजारी आहेत, कधीपासून, कुठे राहतात, कुठले पाणी पितात, त्यांच्या शौचाच्या नमुन्यात कोणता जंतू निघाला आणि पाण्याच्या नमुन्यात कोणता, हे सगळे शेजारी-शेजारी ठेवून पाहावे लागते. ही झाली साथीची चौकशी. माणसे दगावली असतील तर तिच्या पाठोपाठ दुसरी, सरकारी चौकशी लागते. तिचा प्रश्न वेगळा असतो: हे घडले कसे, आणि ज्यांना थांबवता आले असते त्यांनी ते का थांबवले नाही?

या दोन्ही चौकशा अगदी तपशिलात झाल्या आणि लोकांसमोर मांडल्या गेल्या, असे एक उदाहरण म्हणजे कॅनडातील वॉकर्टन. घटना मे २००० मधली आहे. देश श्रीमंत, हवामान थंड, नळाला चोवीस तास पाणी. तरीही तिथे जे चुकले ते वाचताना आपल्याकडच्या पाणीपुरवठ्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. म्हणून हा लेख थोडा त्या चौकशीबद्दल आहे आणि थोडा अशा साथीत घरच्यांनी काय पाहावे याबद्दल.

वॉकर्टनमध्ये काय घडले

वॉकर्टन हे ओंटारियो प्रांतातले साधारण ४,८०० वस्तीचे गाव. भोवती शेती आणि गुरे. गावाला तीन विहिरींमधून पाणी मिळत असे आणि त्यात क्लोरीन घालून ते नळाने घरोघरी जाई. ८ ते १२ मे २००० या पाच दिवसांत तिथे सुमारे १३४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यातला जवळपास निम्मा एकट्या १२ तारखेला पडला. कोकणातल्या वाचकाला हा आकडा किरकोळ वाटेल, पण तिथल्या मे महिन्यासाठी ती अतिवृष्टी होती.

१७-१८ मेच्या सुमारास लोक आजारी पडू लागले. पोटात मुरडा, पाण्यासारखे जुलाब, मग काहींना रक्ताचे जुलाब. १८ मे रोजी दोन मुलांना शेजारच्या ओवेन साउंड शहरातील रुग्णालयात दाखल केले. तिथल्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांना दोन्ही मुले एकाच गावची आहेत हे खटकले आणि १९ मे रोजी त्यांनी जिल्ह्याच्या आरोग्य विभागाला फोन केला. पुढचे सगळे या एका फोनने सुरू झाले, हे मुद्दाम सांगतो. रक्ताच्या जुलाबाचे दोन रुग्ण एकाच ठिकाणचे निघाले तर डॉक्टरने ते कळवायचे असते. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबायचे नसते.

आरोग्य विभागाने त्याच दिवशी पाणीपुरवठा पाहणाऱ्या मंडळाला विचारले, पाणी ठीक आहे का? उत्तर आले, ठीक आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले, पुन्हा तेच उत्तर. प्रत्यक्षात १५ मे रोजी घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यांत ई. कोलाय जंतू सापडल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल १७ मे रोजीच व्यवस्थापकाच्या हातात आलेला होता. तो त्याने कोणाला दाखवला नाही. अहवाल लपवून तो नळाच्या वाहिन्या धुऊन काढण्याच्या आणि जास्तीचे क्लोरीन सोडण्याच्या कामाला लागला. २० मे रोजी मंडळातल्याच एका कर्मचाऱ्याने नाव न सांगता पर्यावरण खात्याच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करून नमुने खराब आल्याचे सांगितले.

२१ मे रोजी एका रुग्णाच्या शौचात ई. कोलाय ओ१५७:एच७ असल्याचे कळले. मंडळाच्या उत्तरावर विसंबून न राहता आरोग्य विभागाने दुपारी दीड वाजता 'पाणी उकळून प्या' अशी सूचना काढली आणि पाण्याचे स्वतःचे नमुने घेतले. २३ मे रोजी त्या नमुन्यांतही ई. कोलाय निघाला. मग लपवलेला अहवालही बाहेर आला. तोपर्यंत पहिला मृत्यू होऊन गेला होता. एकंदर सुमारे २,३०० लोक आजारी पडले, ६५ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, २७ जणांच्या मूत्रपिंडावर गंभीर परिणाम झाला आणि सात जण दगावले. पाणी उकळण्याची सूचना उठली ती डिसेंबर उजाडल्यावर.

साथीची चौकशी: पाणीच, हे कसे ठरले

नमुन्यात जंतू निघाला की झाले, असे नसते. साथीचा अभ्यास करणारे आधी रुग्णांच्या घरांचा नकाशा काढतात. वॉकर्टनमध्ये रुग्ण गावभर विखुरलेले होते. एखादे लग्न, एखादे हॉटेल किंवा एखादी शाळा असा समान धागा नव्हता. समान होते ते फक्त नळाचे पाणी. बाहेरगावचे जे रुग्ण सापडले त्यांनीही वॉकर्टनला येऊन पाणी प्यायलेले होते.

दुसरी गोष्ट तारखांची. ओ१५७ जंतू पोटात गेल्यावर साधारण तीन-चार दिवसांनी त्रास सुरू होतो. रुग्णांना लक्षणे कधी सुरू झाली त्या तारखांवरून मागे मोजत गेले की पाणी कधी बिघडले याचा अंदाज येतो. तो १२-१३ मेच्या आसपास येत होता, म्हणजे मुसळधार पाऊस झाला तेव्हाच. तुम्हाला डॉक्टर "नेमका कधीपासून त्रास आहे? त्याआधी कुठे गेला होता?" असे खोदून विचारतात, त्यामागे हाच हिशेब असतो. "झाले चार-पाच दिवस" एवढ्यावर तो हिशेब बसत नाही.

तिसरी गोष्ट जंतूची ओळख. जवळच्या गुरांच्या शेणात सापडलेला ओ१५७ आणि रुग्णांच्या शौचातला ओ१५७ यांची जनुकीय चाचणी केली, ती जुळली. ओ१५७ च्या जोडीला कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतूही रुग्णांत आणि शेणात मिळाला.

सरकारी चौकशी: अडवता आले असते का

ओंटारियो सरकारने न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांचा चौकशी आयोग नेमला. सुनावण्या उघडपणे, बऱ्याचशा वॉकर्टनमध्येच झाल्या. शंभराहून जास्त साक्षीदार तपासले गेले आणि त्यांत प्रांताचे तत्कालीन प्रमुखही होते. अहवालाचा पहिला भाग जानेवारी २००२ मध्ये आला. दुसरा, पुढे काय करावे याचा, त्याच वर्षी मेमध्ये.

जंतू कुठून आला याचे उत्तर अहवालात सरळ आहे. पाच क्रमांकाची विहीर उथळ होती. तिला पाणी मिळायचे ते जमिनीखाली साधारण पाच ते आठ मीटरवरच्या, भेगा असलेल्या खडकातून. शेजारच्या शेतात एप्रिलच्या अखेरीस शेणखत पसरले होते. जोराच्या पावसाबरोबर ते भेगांमधून विहिरीत उतरले. शेतकऱ्याने नियमाप्रमाणे आणि योग्य पद्धतीने खत टाकले होते, त्याचा दोष नाही, असे आयोगाने स्पष्ट लिहिले. साथ आली की गावात पहिला आळ अशाच कोणावर तरी येतो, म्हणून या वाक्याचे मला महत्त्व वाटते. ही विहीर १९७८ मध्ये खोदली तेव्हाच ती वरच्या पाण्याने बिघडू शकते, हे जाणकारांच्या लक्षात आलेले होते. तरी पुढच्या बावीस वर्षांत तिच्यावर वेगळी नजर ठेवली गेली नाही.

अहवालातला रुग्णांनी नीट समजून घ्यावा असा भाग क्लोरीनचा आहे. पाण्यात क्लोरीन 'घातले' म्हणजे पाणी सुरक्षित झाले, असा समज सर्वत्र आहे. क्लोरीन पाण्यात पडल्यावर आधी तिथल्या माती, शेण, सडलेला पालापाचोळा अशा सेंद्रिय घाणीवर खर्च होते. घाण जास्त असेल तर सगळे क्लोरीन तिथेच संपते आणि जंतू मारायला काही उरत नाही. म्हणून किती घातले यापेक्षा काही वेळाने किती उरले हे मोजायचे असते. त्याला अवशिष्ट किंवा शिल्लक क्लोरीन म्हणतात. ओंटारियोचा नियम होता की १५ मिनिटांनी लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवे. वॉकर्टनच्या पाचव्या विहिरीत त्या दिवसांत इतकी घाण आली की घातलेले थोडेसे क्लोरीन तिने गिळून टाकले. कोणी रोज शिल्लक क्लोरीन मोजले असते, तर आकडा शून्याकडे गेलेला दिसला असता आणि विहीर बंद करता आली असती.

मोजणी होत होती, पण कागदावर. नोंदवहीत रोज ०.५ किंवा ०.७५ असे आकडे भरलेले असत. बहुतेक दिवशी प्रत्यक्ष चाचणी झालेलीच नव्हती. क्लोरीनही नियमापेक्षा कमी सोडले जाई. नमुन्यांच्या बाटल्यांवर कधी कधी भलत्याच ठिकाणाचे नाव घातले जाई. मेच्या त्याच आठवड्यात सात क्रमांकाची विहीर तर काही दिवस क्लोरीन यंत्राशिवाय चालवली गेली. हे करणारे लोक गावाचे शत्रू नव्हते. विहिरीचे कच्चे पाणी ते स्वतः पीत. पाणी गोड आहे, स्वच्छ आहे, क्लोरीनची काय गरज, अशी त्यांची खरोखरीची समजूत होती. शिवाय क्लोरीनच्या वासाची लोकच तक्रार करत. आपल्याकडेही नळाच्या पाण्याला औषधाचा वास आला की फोन जातो आणि वास गेला की सगळे खूश होतात!

आयोगाचा निष्कर्ष असा की पाचव्या विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी, बिघाड होताच पाणी आपोआप थांबवणारी यंत्रे असती तर ही साथ आलीच नसती. तशी यंत्रे बसवण्याचा आदेश देणे खात्याच्या हातात होते. नवे धोरण आले होते, पण जुन्या विहिरींना ते लावून पाहिले गेले नाही. खात्याच्या निरीक्षकांना नोंदवहीतले एकसारखे आकडे खटकायला हवे होते, तेही खटकले नाहीत. खर्चकपातीमुळे खात्याची ही नजर आणखी कमजोर झाली होती, हेही आयोगाने नोंदवले. १९९६ मध्ये पाण्याची तपासणी खासगी प्रयोगशाळांकडे गेली. मात्र खराब अहवाल थेट आरोग्य अधिकाऱ्याला कळवलाच पाहिजे अशी सक्ती त्या प्रयोगशाळांवर केली गेली नाही. म्हणून १७ मेचा अहवाल एका माणसाकडे गेला आणि तिथेच अडकला.

त्या अडकलेल्या दिवसांची किंमतही आयोगाने काढली. १९ मे रोजी, म्हणजे दोन दिवस आधी, उकळण्याची सूचना निघाली असती तर सुमारे ३०० ते ४०० लोक आजारी पडण्यापासून वाचले असते. सूचना निघाल्यावरही ती मुख्यतः स्थानिक रेडिओवरून दिली गेली आणि बऱ्याच रहिवाशांना त्या दिवशी कळलीच नाही.

व्यवस्थापक आणि त्याच्या हाताखालचा प्रमुख कर्मचारी यांनी पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला. २००४ मध्ये एकाला एक वर्षाची कैद आणि दुसऱ्याला नऊ महिन्यांची नजरकैद झाली. प्रांतात २००२ मध्ये पिण्याच्या पाण्याचा नवा कायदा आला.

रक्ताचे जुलाब आणि मूत्रपिंड: घरच्यांनी काय पाहावे

ई. कोलाय हा खरे तर आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहणारा जंतू आहे. पाण्यात तो सापडणे म्हणजे पाण्याशी माणसाच्या किंवा जनावराच्या शौचाचा संबंध आल्याची खूण. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात. ओ१५७ मात्र शिगा नावाचे विष तयार करतो. हे विष आतड्याच्या अस्तराला इजा करते, म्हणून रक्त पडते. काही रुग्णांत ते रक्तात उतरून बारीक रक्तवाहिन्यांना, विशेषतः मूत्रपिंडातल्या, इजा करते. तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट कमी होतात, मूत्रपिंड काम करेनासे होते. या अवस्थेला एचयूएस म्हणतात. वॉकर्टनमधले २७ जण ते हेच. पाच वर्षांखालील मुले आणि वयस्कर माणसे यांना धोका सर्वांत जास्त.

यातली फसवी गोष्ट वेळेची आहे. एचयूएस जुलाब सुरू झाल्यावर साधारण आठवड्याभराने दिसतो, पुष्कळदा जुलाब थांबत आले असताना. घरचे निश्चिंत झालेले असतात, मूल मात्र मलूल होत जाते. म्हणून रक्ताचे जुलाब झालेल्या मुलाकडे पुढचे दहा-बारा दिवस लक्ष ठेवा. लघवी कमी होणे (लहान बाळाचा लंगोट सहा-आठ तास कोरडा राहणे), चेहरा पांढराफटक पडणे, डोळ्यांभोवती किंवा पायांवर सूज, अंगावर लाल ठिपके किंवा विनाकारण काळेनिळे डाग, सतत झोपाळलेपणा, झटका, यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. रक्ताचा सीबीसी, प्लेटलेट, क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी यांतून चित्र बरेच स्पष्ट होते. काही मुलांना थोडे दिवस डायलिसिस लागते. वेळेत पोहोचलेली बहुतेक मुले बरी होतात.

रक्ताच्या जुलाबात दोन औषधे स्वतःहून कधीही घेऊ नका. एक, जुलाब 'बांधणारी' लोपेरामाइडसारखी गोळी. तिने आतड्याची हालचाल मंदावते आणि विष आत जास्त वेळ राहते. दुसरे, मेडिकलमधून आणलेले अँटिबायोटिक. ओ१५७ मध्ये अँटिबायोटिकने फायदा होत नाही आणि काही औषधांनी एचयूएसचा धोका वाढू शकतो. इथे आपल्याकडचा फरक सांगायला हवा. भारतात ओ१५७ तुलनेने कमी आढळतो. आपल्याकडे रक्त-आव पडण्यामागे बरेचदा शिगेला जंतू असतो आणि त्याला अँटिबायोटिक द्यावेच लागते. शिगेलाच्या एका प्रकारानेही एचयूएस होतो. म्हणजे कॅनडातल्या डॉक्टरचा नियम इथे जसाच्या तसा चालत नाही, आणि शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी तुमच्या मुलाला चालेल असेही नाही. हा निर्णय तपासूनच घ्यावा लागतो. शक्य असेल तर पहिल्या अँटिबायोटिकच्या आधी शौचाचा नमुना द्या. एकदा औषध पोटात गेले की जंतू हाती लागणे अवघड होते आणि तुमच्याबरोबर गावाच्या चौकशीचाही धागा तुटतो.

ओआरएस मात्र कोणत्याही जुलाबात, पहिल्या जुलाबापासून सुरू करा. अख्खी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा, चमच्या-चमच्याने देत राहा, चोवीस तासांनी उरलेले टाकून द्या. अंगावरचे दूध बंद करू नका. लहान मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकही द्यावे.

साथ संपल्यावर

वॉकर्टनच्या लोकांची तब्येत पुढे अनेक वर्षे तपासली गेली, आणि त्यातून मिळालेली माहिती जगभर वापरली जाते. साथीत ज्यांना स्पष्टपणे आतड्याचा आजार झाला होता त्यांच्यापैकी सुमारे ३६ टक्के लोकांना दोन-तीन वर्षांनी आयबीएस होता, म्हणजे पोटदुखी, गॅस, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठता असा त्रास. जे साथीत आजारी पडले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. आठ वर्षांनी त्रास असलेल्यांची संख्या कमी झाली, पण फरक पुरता मिटला नाही. गॅस्ट्रो होऊन गेल्यावर "पोट पहिल्यासारखे राहिलेच नाही" असे सांगणाऱ्या रुग्णाला मनाचे खेळ म्हणून उडवून लावू नये, ते यासाठी. शौचातून पुन्हा रक्त, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा ताप यांपैकी काही असेल तर मात्र आयबीएस म्हणून थांबू नका, वेगळी तपासणी हवी.

ज्यांचा आजार साथीत तीव्र होता त्यांच्यात पुढे रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या तक्रारीही जास्त आढळल्या. एचयूएस होऊन गेलेल्या मुलाचा रक्तदाब आणि लघवीतली प्रथिने वर्षातून एकदा तरी तपासावीत, मूल खेळते-बागडते असले तरी.

कॅम्पिलोबॅक्टरचे नाव मराठी वाचकांना आता अनोळखी नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गुइलेन बॅरे सिंड्रोम) रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत हाच जंतू मिळाला होता. जुलाब बरे झाल्यावर एक ते तीन आठवड्यांनी पायांत मुंग्या, मग पायांतली ताकद जाणे, जिना चढता न येणे, गिळायला किंवा श्वासाला त्रास, अशी लक्षणे आली तर तास-दोन तासांचाही उशीर नको. हे क्वचित होते, कॅम्पिलोबॅक्टर झालेल्या बहुसंख्य लोकांना होत नाही.

तुमच्या गावात शंका आली तर

आपल्याकडे भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवे. ते तपासण्याची ओटी चाचणी अगदी सोपी आहे: नळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक हे काम करतो. ही चाचणी टाकीजवळ नव्हे, तर नळाच्या शेवटच्या टोकाच्या घरी व्हायला हवी, कारण क्लोरीन वाटेत संपते. टीसीएल पावडरचेही तसेच. उघड्या पोत्यात, ओलाव्यात ठेवलेल्या पावडरीतले क्लोरीन उडून जाते. २० टक्क्यांपेक्षा कमी क्लोरीन उरलेली पावडर कितीही टाकली तरी भरवसा नाही. ग्रामपंचायतीला मिळालेले हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड कोणते, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. नोंदवहीत महिनाभर रोज एकच आकडा दिसला तर वॉकर्टन आठवावे.

एकाच भागातले तीन-चार जण आजारी दिसले की आशाताईंना, प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा शहरात वॉर्डाच्या आरोग्य कार्यालयाला कळवा. कोणाला कधी सुरू झाले, वय काय, पाणी कुठले (नळ, बोअर, टँकर, जार), एवढे एका कागदावर लिहून न्या. पाण्याचा नमुना स्वतः कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून नेऊ नका, त्याचा उपयोग होत नाही. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली लागते. तिच्यात क्लोरीनचा परिणाम थांबवणारे औषध असते आणि नमुना थंड ठेवून काही तासांत पोहोचवावा लागतो. नमुना घेतला जाण्याआधी सोसायटीची टाकी घाईने धुऊन टाकू नका. लोकांनी ते पाणी पिणे बंद करा, नमुना जाऊ द्या, मग टाकी धुवा.

पाण्याचा अहवाल 'पिण्यास योग्य' आला म्हणजे आधीचे पाणीही चांगले होते, असे सिद्ध होत नाही. लक्षणे दिसेपर्यंत तीन-चार दिवस, काविळीत तर कित्येक आठवडे गेलेले असतात. मधल्या काळात घाण वाहून गेलेली असते किंवा कोणीतरी भरपूर क्लोरीन टाकलेले असते. म्हणून रुग्णांच्या तारखा आणि शौचाचे नमुने पाण्याच्या अहवालाइतकेच मोलाचे.

उकळण्याची सूचना निघाली असेल तर पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट ठेवले की पुरते. वीस-वीस मिनिटे गॅस जाळायची गरज नाही. गढूळ पाणी आधी निवळू द्या आणि कापडातून गाळून घ्या. उकळलेले पाणी त्याच भांड्यात झाकून गार करा आणि ओगराळ्याने काढा, त्यात हात बुडवू नका. सूचना असेपर्यंत घरच्या फिल्टरचे पाणीही उकळूनच प्या. दात घासायला, बाळाच्या दुधाला, कच्च्या भाज्या आणि फळे धुवायला, बर्फाला हेच पाणी वापरा. पाणीपुरी, उसाचा रस आणि गोळा तेवढे दिवस बंद. आजारी माणसाचे कपडे वेगळे धुवा, आणि शौचानंतर व स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा. ओ१५७ आणि शिगेला दोन्ही जंतू फार थोड्या संख्येत पोटात गेले तरी आजार करतात, आणि घरातला दुसरा रुग्ण बऱ्याचदा पाण्यामुळे नव्हे तर पहिल्याची सेवा करताना आजारी पडतो. सूचना उठल्यावर सगळे नळ काही मिनिटे सोडून ठेवा, घरची टाकी धुऊन घ्या, फ्रिजमधला जुना बर्फ फेकून द्या आणि फिल्टरची कँडल किंवा कार्ट्रिज बदला.